गडचिरोलीएवढाच जिल्हा, पण अर्धा समुद्रात

गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर म्योरे ओग रुम्सदाल नावाचा एक जिल्हा आहे, त्याचंही क्षेत्रफळ १४ हजारांच्या थोडंच वर भरते. हे कळलं तवापासून मी त्या जिल्ह्याच्या मागंच लागलो. माझ्या मोठ्या बहिणीची पोरगी तिकडं जहाजाच्या डिझाइनचं काम करते, ब्रात्वोग नावाच्या गावात राहते, तिच्या व्हिडिओ कॉलच्या नादानं मी तिकडचे नकाशे पाहू लागलो अन् मग रात्री जेवण झालं की मोबाईलवर तिकडच्या फेरीबोटीचं टाइमटेबल पाहायची सवयच लागली. बायको म्हणते, “आपली एसटी कवा येते थे तं मालूम नाही, अन् नॉर्वेची बोट पाहून रायले.” तिचं बरोबरच आहे. पण मी आमच्या गटग्रामपंचायतीत एक टर्म मेंबर होतो, अन् एकदा मेंबर राहिलेल्या माणसाले दुसऱ्याच्या गावचा कारभार उकरून पाहायची खोड लागतेच, ते काही सुटत नाही.

तर क्षेत्रफळ सारखं, बाकी काहीच सारखं नाही. आमच्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजार लोक होते, तिथं आज पावणेतीन लाखाच्या आसपास. आमच्याकडं जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल, तिथं जंगल कमी अन् उघडे डोंगर जास्त, डोंगरही असे की सरळ समुद्रातून उठून हजार-दीड हजार मीटर वर गेलेले. हिमयुगात तिथं बर्फाच्या नद्या होत्या, त्यांनी डोंगर खरवडून खोल दऱ्या केल्या, पुढं बर्फ वितळला अन् त्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला, त्यालेच फियोर्ड म्हणतात, हे आपण भूगोलात शिकलो होतो पण परीक्षेपुरतं. नकाशावर पाहिलं तर कळते की समुद्र त्या जिल्ह्यात बोटं घालून शंभर किलोमीटर आतपर्यंत गेलेला आहे, अन् बाहेरच्या बाजूले बेटंच बेटं, काही मोठी, काहींवर दोन-चार घरं, काहींवर नुसते पक्षी. डोंगराचा पाय अन् समुद्र यांच्या मधात सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी असते, घरं, शेती, शाळा, रस्ता सगळं त्या पट्टीत दाटीनं बसवलेलं. नकाशावर जिल्हा एवढा मोठा, पण माणसं राहतात ती फक्त काठाकाठानं.

आता यातली मजा अशी की अशा मुलखात कोण कोणाचा शेजारी हे नुसतं नकाशा पाहून सांगता येत नाही. एका डोंगराच्या दोन बाजूले दोन गावं असली, मधलं अंतर आठ-दहा किलोमीटर असलं, तरी ती एकमेकांची कोणीच नसायची, कारण मधात डोंगर अन् वर्षातले कित्येक महिने त्याच्यावर बर्फ. अन् फियोर्डच्या ह्या काठचं गाव अन् त्या काठचं गाव यांची मात्र रोजची ये-जा, चर्च एक, बाजार एक, सोयरिका एकमेकात, कारण नाव टाकली की अर्ध्या तासात पलीकडं. पाणी तिथं जोडायचं काम करत होतं अन् जमीन तोडायचं. गाडीरस्ते तर शंभर वर्षांच्या अलीकडचे, त्याच्या आधी हजार वर्षं सगळा कारभार नावेवरच चालला.

आमच्या भागातल्या माणसाले हे समजावून सांगाव लागत नाही. वैनगंगेच्या अल्याड आम्ही अन् पल्याड चंद्रपूर जिल्हा, १९८२ साली २६ ऑगस्टले चांद्याचा जिल्हा तोडून गडचिरोली वेगळा केला तेव्हा हद्द नदीवरून गेली, कागदावर ते सोपं पडते, नदी म्हणजे आयती रेघच. पण आमच्या काठच्या निम्म्या घरच्या सुना पल्याडच्या आहेत. माझी आजी डोंग्यात बसून नवरी होऊन आली होती, तिच्या मते डोंगा वल्हवणारा ढिवर हा वऱ्हाडातला सगळ्यात महत्त्वाचा माणूस, कारण तो रुसला तर लग्न लागणार नाही. तिकडं खाली सिरोंच्याले जा, प्राणहिता अन् गोदावरी ओलांडली की तेलंगणा, त्या लोकांची भाषा, नातेवाईक, दवाखाना बरंचसं पलीकडं, अन् सरकारी काम पडलं की स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी यायले दोनशे किलोमीटरच्या वर प्रवास. भामरागडची गोष्ट तर पेपरात दरवर्षी येते, पर्लकोटा फुगली की तालुक्याचा संपर्क तुटला. तुटला म्हणजे आमच्यापासून तुटला, त्यांचं त्यांच्यात चालूच असते.

फेरीबोटीवर थोडं सांगतो, कारण माझा जीव तिथंच अडकलेला आहे.

भाचीनं एकदा पूर्ण प्रवास व्हिडिओवर दाखवला. जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं शहर ओलेसुंद, पण जिल्ह्याचं मुख्यालय मोल्डेले, अन् ओलेसुंदहून मोल्डेले हायवेनं जायचं तरी मधात फियोर्ड आडवा येतो, वेस्टनेस नावाच्या ठिकाणी हायवे चक्क पाण्यात संपते अन् पलीकडं पुन्हा सुरू होते. मधले पस्तीसेक मिनिटं फेरी. धक्क्यावर गाड्यांसाठी रांगा आखलेल्या, बोट येते, समोरचा जबडा उघडते, आतल्या गाड्या निघतात, बाहेरच्या शिरतात, कोणी हॉर्न वाजवत नाही, एक माणूस पिवळं जॅकेट घालून हातानं इशारे करते, दहा मिनिटात सगळं आटोपून बोट सुटली सुद्धा. मग लोक गाडीतून उतरून वर जातात अन् स्वेले खातात. स्वेले म्हणजे आपलं गोड धिरडंच, फक्त जाड अन् मधात लोणी-साखर घालून दुमडलेलं, फेरीवर ते खाल्लंच पाहिजे असा तिकडचा रिवाज. पोरगी म्हणे, “मामाजी, ह्या लोकांना बोटीचं तिकीट वाढलं तर तेवढा राग येत नाही, स्वेलेचा भाव वाढला की येतो.”

पण मला त्यात दुसरंच दिसलं. ती फेरी सरकारच्या लेखी रस्त्याचाच भाग आहे. राष्ट्रीय हायवेवरच्या फेऱ्या देशाचं सरकार पाहते, अन् बाकीच्या बहुतेक २०१० पासून जिल्ह्याकडं दिल्या, जिल्ह्याचे रस्ते, जिल्ह्याच्या बसा, जिल्ह्याच्या फेऱ्या, जिल्हा कंपन्यांकडून टेंडर मागवते, दिवसाच्या किती खेपा, शेवटची बोट कितीले, हे सगळं निवडून आलेल्या लोकांच्या सभेत ठरते. म्हणजे एखाद्या बेटावरच्या रात्रीच्या शेवटच्या बोटीसाठी तिथला मेंबर सभेत भांडते. आमच्या जिल्हा परिषदेत असं कोणी डोंग्यासाठी भांडल्याचं मला आठवत नाही, डोंगा हा ज्याचा त्याचा प्रश्न.

अन् हे काही श्रीमंती आल्यावरचं नाही. क्रिस्तियानसुंद नावाचं तिसरं शहर, ते तर पूर्णच बेटांवर वसलेलं, बंदराच्या चारी बाजूले शहराचे तुकडे, तिथं १८७६ पासून एक लहान बोट ह्या तुकड्यावरून त्या तुकड्यावर माणसं नेते ती आजही नेते, तवा तेलाचं नावही नव्हतं नॉर्वेत, लोक मासे खारवून खडकावर वाळवायचे अन् स्पेन-पोर्तुगालले विकायचे. आता बोटी बॅटरीवर चालायले लागल्या. २०१५ मध्ये जगातली पहिली मोठी बॅटरीवरची कारफेरी नॉर्वेतच, ह्या जिल्ह्याच्या दक्षिणेले सोग्नेफियोर्डवर, लाविक ते ओप्पेदाल सुरू झाली, धक्क्याले लागली की चार्जिंग, सुटली की बॅटरी.

बरं, आता कारभार. तिथं आपल्यासारखे तीन टप्पे नाहीत, दोनच. वर जिल्हा, खाली कोम्यून. कोम्यूनले ग्रामपंचायत म्हणा का नगरपरिषद म्हणा, तिथं खेडं अन् शहर असा कायद्यात भेद नाही, दोनशे वस्तीचं उत्सिरा बेटही कोम्यून अन् ओस्लोही कोम्यून. १८३७ सालच्या कायद्यानं हे सुरू झालं, तेव्हा नॉर्वे स्वतंत्र देशही नव्हता, स्वीडनच्या राजाखाली होता. अन् कोम्यूनकडं कामं काय, तर बालवाडी, दहावीपर्यंतची शाळा, गावातला डॉक्टर, म्हाताऱ्यांचं नर्सिंग होम, पाणी, गटार, आग विझवणं, गावातले रस्ते, कुठं घर बांधू द्यायचं कुठं नाही. दहावीनंतरची शाळा, दातांचा दवाखाना अन् मोठे रस्ते जिल्ह्याकडं. आमच्या घटनेच्या अकराव्या अनुसूचीतही २९ विषय लिहिलेले आहेत पंचायतीसाठी, १९९३ पासून. मी मेंबर असताना त्या २९ पैकी आमच्या हातात खरोखर किती होते, तर पथदिव्याचे बल्ब, नळयोजनेची मोटर, अन् घरकुलाच्या यादीवरची भांडणं. शाळा आमच्या गावात आहे पण मास्तर कोण येणार हे आम्हाला मास्तर आल्यावरच समजते.

पैशाची गोष्ट त्याच्यापेक्षा मजेची आहे. तिथल्या माणसाच्या पगारातून जो इन्कम टॅक्स कापला जाते, त्यातला एक हिस्सा तो जिथं राहते त्या कोम्यूनले जाते. जिथं लोक कमी तिथं टॅक्सही कमी, मग बेटावरच्या कोम्यूननं काय करावं? तर देशाच्या सरकारकडून एक अनुदान मिळते अन् त्या अनुदानाचा हिशोब करायचं जे सूत्र आहे त्याच्यात म्हातारे किती, पोरं किती, हे तर आहेच, पण लोकांच्या घरापासून वस्तीच्या मध्यापर्यंत अन् तिथून शेजारच्या वस्तीपर्यंत किती प्रवास पडते हेही आहे. विखुरलेली वस्ती असली की खर्च जास्त येते हे त्यांनी हिशोबातच मांडून ठेवलं. मी हे वाचून आमच्या जुन्या ग्रामसेवकाले फोन लावला, तो म्हणाला, “भाऊ, आपल्याकडं डोकी मोजतात, पाय नाही मोजत.” बोलणारा माणूस आहे तो.

अन् दुसरं, पाण्याचं. त्या डोंगरांवरून पाणी पडते, त्याच्यावर वीज होते. सुंदाल नावाचं कोम्यून ह्याच जिल्ह्यात, फियोर्डच्या अगदी टोकाले, तिथं १९५४ पासून त्या विजेवर ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना चालते. तर १९१७ पासून कायदा असा की ज्या कोम्यूनच्या हद्दीतलं पाणी वीज कंपनी वापरते, त्या कोम्यूनले त्या विजेचा दहा टक्क्यापर्यंत हिस्सा उत्पादन खर्चाच्या भावात द्यावा लागते, वरून प्रकल्पावरचा मालमत्ता कर वेगळा. कोम्यून ती वीज बाजारात विकू शकते अन् त्या पैशात शाळा बांधू शकते. १९१७ साली! तेव्हा नॉर्वे गरीब होता, पोटासाठी लोक जहाजं भरभरून अमेरिकेले गेले होते. आमच्याकडं चंद्रपुरात कोळसा निघते, एटापल्लीकडं सुरजागडचं लोखंड निघते, त्याच्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठान २०१५ पासून आहे, पैसा जमा होते, नाही असं नाही. पण तो जिल्ह्याच्या पातळीवर जमा होते अन् जिल्ह्याच्या पातळीवर वाटला जाते, ज्या गावाच्या डोंगरातून ट्रक निघतात त्या ग्रामपंचायतीले तो हक्कानं मागता येत नाही, प्रस्ताव पाठवावा लागते. हक्क अन् प्रस्ताव यात किती फरक असते ते ज्यानं प्रस्ताव पाठवले त्यालेच माहीत.

कोम्यूनच्या हातात एवढं असल्यामुळं मग हद्दीवरून भांडण लागलं की ते खरं भांडण असते. २०१४ नंतर तिथल्या सरकारनं ठरवलं की लहान लहान कोम्यून परवडत नाहीत, जोडा. देशात ४२८ होते, २०२० च्या १ जानेवारीले ३५६ उरले. जिल्हेही १९ होते ते ११ केले. आपल्या म्योरे ओग रुम्सदालमध्ये ३६ कोम्यून होते, ते २६ वर आले. सरकारचं म्हणणं काही वावगं नव्हतं हं, दोन हजार वस्तीच्या कोम्यूनले डॉक्टर मिळत नाही, पोरं शिकून ओस्लो-बेर्गेनले जातात ती परत येत नाहीत, शाळेत पटसंख्या नाही. आमच्याकडंही पटसंख्येचं कारण सांगूनच शाळा बंद करतात, त्यामुळं ही भाषा मला ऐकल्यासारखी वाटली.

तर ओलेसुंदच्या आजूबाजूचे चार कोम्यून ओलेसुंदमध्ये जोडले, स्कोडये, ओर्स्कोग, सांडोय अन् हारम. माझी भाची राहते ते ब्रात्वोग म्हणजे हारमचं मुख्य गाव. हारमच्या बऱ्याच लोकांना ते पटलं नव्हतं. ओलेसुंद पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, रस्ता चांगला आहे, गाडीनं आरामात जाता येते, मग अडचण काय असं मी भाचीले विचारलं. ती म्हणे, “मामाजी, बालवाडीचा निर्णय आधी ब्रात्वोगमध्ये व्हायचा, आता फाइल ओलेसुंदले जाते. इथली माणसं दुकानात सरपंचाले पकडून विचारायची, आता कोणाले पकडणार?” तिथंही सरपंच थेट निवडून येत नाही बरं का, मेंबर मिळून निवडतात. आपल्याकडं २०१७ मध्ये थेट केला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये पुन्हा केला, मी मेंबर असताना अन् नसताना दोन्ही पद्धती पाहिल्या, दुकानात पकडायची सोय दोन्हीत सारखीच.

२०२१ मध्ये तिथं सरकार बदललं अन् नवीन सरकारनं म्हटलं की ज्यांना जोडणं मान्य नाही त्यांनी अर्ज करावा. हारमनं अर्ज केला. संसदेत मंजूर झाला. अन् २०२४ च्या १ जानेवारीले हारम ओलेसुंदमधून पुन्हा वेगळा झाला, देशातल्या कोम्यूनचा आकडा ३५६ चा ३५७ झाला. त्याच दिवशी तीन जोडलेले जिल्हेही तुटले, ११ चे १५ झाले. आमच्या चिमूरवाल्यांना अन् अहेरीवाल्यांना हे सांगितलं पाहिजे, किती वर्षांपासून वेगळ्या जिल्ह्याची मागणी चालू आहे, मोर्चे झाले, आश्वासनं झाली, अन् चिमूरनं मागितला की ब्रह्मपुरी म्हणते आम्हाले पाहिजे.

त्यातली गंमत पुढं आहे. नवीन हारमच्या पहिल्या सभेची निवडणूक २०२३ च्या सप्टेंबरमध्ये झाली, अन् त्याच्यात माझ्या भाचीनं मतदान केलं. भारताचा पासपोर्ट आहे तिच्याकडं. तिथं कायदा असा की परदेशी माणूस तीन वर्ष सलग कायदेशीर राहिला की त्याले कोम्यून अन् जिल्ह्याच्या निवडणुकीत मत आहे, संसदेच्या नाही, पण गावच्या आहे. कारण गावचं पाणी तो पिते, टॅक्स तो भरते. तिनं मतदान करून आल्यावर फोन केला, आई तिची, म्हणजे माझी बहीण, पहिलं विचारते काय, “कोणी गाडी पाठवली होती का न्यायले?” नाही म्हणे. “मग काहून गेली?”

हारम वेगळा झाला तरी एक त्रांगडं उरलंच. बाहेरच्या समुद्रात ओळीनं बेटं आहेत, लेप्सोया, हारमसोया, फ्योर्तोफ्ता अशी, अन् सगळ्यात शेवटी हारोया. आतली बेटं हारमची, शेवटची सांडोयची. पूर्वी सगळ्यांचं जाणं फेरीनं. २०२२ मध्ये त्यांना जोडणारा रस्ता सुरू झाला, पूल, भराव अन् समुद्राच्या तळाखालून तीन बोगदे. मोठं काम. ह्या रस्त्याच्या आशेवर सगळे एकत्र आले होते म्हणा. आता हारम निघून गेला, सांडोयची बेटं मात्र ओलेसुंदमध्येच राहिली. म्हणजे हारोयाच्या माणसाले स्वतःच्या कोम्यूनच्या ऑफिसले रस्त्यानं जायचं तर पूर्ण हारम ओलांडून जावं लागते. नकाशावर ओलेसुंदचा एक तुकडा समुद्रात वेगळाच पडलेला दिसते. अन् जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाले रिंदाल नावाचं डोंगरातलं कोम्यून होतं, त्यांचा बाजार, नोकऱ्या सगळं शेजारच्या त्र्योंदेलागकडं, मोल्डेशी त्यांचा संबंध फक्त कागदाचा, ते २०१९ मध्ये सरळ जिल्हा बदलून त्र्योंदेलागमध्ये गेले. पूर्ण कोम्यूननं जिल्हा बदलला. आमच्या इथं सातबारावरचं नाव बदलायले किती फेऱ्या माराव्या लागतात.

सगळं गोड गोड नाही. ज्या डोंगरापायी तिथं जगभरातून टुरिस्ट येतात, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेला गेइरांगेरफियोर्ड ह्याच जिल्ह्यात, तोच डोंगर माणसं मारते. १९३४ च्या ७ एप्रिलले रात्री ताफ्योरच्या फियोर्डमध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला, लाट उठली ती सगळ्यात वर ६२ मीटरपर्यंत चढली, काठावरच्या गावांतले ४० लोक गेले. अन् त्याच भागात ओकेर्नेस नावाचा कडा आहे, त्याले भेग पडलेली आहे अन् ती वर्षाले काही सेंटीमीटर रुंदावते. तो पडला तर हेल्लेसिल्ट अन् गेइरांगेर गावाले लाट पोचायले दहाएक मिनिटं. ह्याच्यासाठी आधी तिथल्या कोम्यूननी अन् जिल्ह्यानं मिळून आपलीच एक संस्था काढली, भेगेत यंत्रं बसवली, स्ट्रांडा गावात बसून चोवीस तास त्या कड्याकडं पाहणारी माणसं ठेवली. पुढं २०१५ मध्ये ते काम देशाच्या सरकारच्या जलखात्यानं आपल्याकडं घेतलं. सुरुवात मात्र काठावरच्यांनी केली.

२०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेले जो पूर आला तो आमच्या काठच्या कोणी विसरलेला नाही. पाऊस मध्य प्रदेशात पडला, आमच्या डोक्यावर तर ऊन होतं. पाणी वरच्या धरणांतून आलं, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, अन् आमच्याकडं धान पोटरीत होता. मी काही कोणाच्या नावानं बोट मोडत नाही, पाणी अडवून ठेवता येत नव्हतं हे मलाही समजते. पण रात्री नदी चढताना पाहत बसलो तेव्हा आमच्या हातात काय होतं, तर व्हाट्सॲपचा ग्रुप अन् देवळातला भोंगा. नदीच्या वरच्या अंगाले अन् खालच्या अंगाले जी शंभर गावं आहेत, त्यांची मिळून एखादी समिती असावी असं आमच्या ग्रामसभेत एकानं म्हटलं होतं. ते ठरावात आलं नाही, कारण दुसऱ्या जिल्ह्याचा विषय आपल्या सभेत घेता येत नाही म्हणे.

जिल्हा परिषदेत मांडता आलं असतं कदाचित. पण २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली अन् पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासकच. मेंबरच नाही तर मांडणार कोण.

आता आमच्या टोल्याचं. आमची गटग्रामपंचायत तीन वस्त्यांची आहे, दोन ह्या बाजूले अन् एक टोला नाल्याच्या पलीकडं. नाला म्हणायचा म्हणून नाला, पावसाळ्यात तो नदीच असते. ग्रामपंचायत इकडं, रेशनचं दुकान इकडं, अंगठा लावायची मशीन इकडं. उन्हाळ्यात टोल्याहून चालत वीस मिनिटं लागतात, अन् रोवणीच्या दिवसात पाणी असलं तर फिरून डांबरी रस्त्यानं अर्धा दिवस. रेशन आलं की टोल्याच्या बाया नाल्याच्या त्या काठाले येऊन उभ्या राहतात, इकडून कोणी हाक मारून सांगते मशीन चालू आहे का सर्व्हर गेला, सर्व्हर गेला म्हटलं की त्या तशाच परत. पाण्यात उतरायच्या आधी सर्व्हर विचारायचा, हा तिथला नियम झालेला आहे. कागदावर हे अंतर दीड किलोमीटर आहे, अन् म्हणून वेगळ्या ग्रामपंचायतीच्या निकषात टोला बसत नाही, लोकसंख्येतही नाही.

पण एक रस्ता आहे. आमचा भाग पेसात येते, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेले जास्त अधिकार देणाऱ्या कायद्यात, अन् महाराष्ट्राचे २०१४ चे पेसाचे नियम म्हणतात की पाडा असो, टोला असो, तिथल्या लोकांनी ठराव करून मागितलं तर त्याले स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करता येते अन् त्याची ग्रामसभा वेगळी होते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं नाव आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’, त्यांनी २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला अन् २०११ मध्ये बांबू स्वतः विकला. ते काही मोठं शहर नाही, लहानसं गोंडांचं गाव आहे. ग्रामसभा वेगळी झाली म्हणून टोल्यात डॉक्टर येणार नाही, नाल्यावर पूलही आपोआप होणार नाही, हे मी टोल्यातल्या पोरांना स्पष्ट सांगितलं. पण तेंदूपत्त्याचा लिलाव असो का मोहफुलाचा विषय, त्यांच्या सभेत त्यांनी बसून ठरवायचं, आमच्या मेंबरांच्या तोंडाकडं पाहायचं नाही, एवढं तरी होईल.

आमच्या बाजूच्या काही लोकांना हे आवडलेलं नाही. टोला गेला तर मतं गेली, सरपंचपदाचं गणित बिघडते, एक जण मला तोंडावर म्हणाला की तुमचं नॉर्वे घरी ठेवा. मी त्याले हारोयाचं सांगायले लागलो तर तो उठूनच गेला.

ठराव लिहून तयार आहे, सह्या अर्ध्या झाल्या. सरपंच म्हणे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडा, झेंडावंदनाले तसेही सगळे येतात. त्याले विचारलं, १५ ऑगस्टले नाल्यात पाणी किती असते? तो हसला. टोल्याचे लोक आले नाही तर सभा तहकूब होईल अन् तहकूब सभेत आमच्याच बाजूचे हात वर होतील, हे त्यालेही माहीत अन् मलेही. मग आता २ ऑक्टोबर धरून चाललो आहोत, तोवर पाणी उतरते. अन् सभा टोल्यातच, मोहाच्या झाडाखाली घ्यायची असं पोरांचं म्हणणं आहे, म्हणजे ह्या खेपेले नाला आमच्या लोकांनी ओलांडून जायचा.